बाळाचे हेल्मेट आणि आजीची तेलाची वाटी

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन येणे ही आता आपल्या तालुक्याच्या गावांनाही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी घेऊन आजी विमानात बसते, तीन-चार महिने नातवाला न्हाऊमाखू घालते आणि परत येते. त्यानंतर नातवाची भेट होते ती मोबाइलच्या पडद्यावर. आणि एके दिवशी त्या पडद्यावर बाळ दिसते ते चक्क डोक्यावर हेल्मेट घातलेले! बाळ पडले की काय, डोक्याचे ऑपरेशन झाले की काय, अशा शंकांनी आजी-आजोबांची झोप उडते.

बहुतेक वेळा बाळ पडलेलेही नसते आणि ऑपरेशनही झालेले नसते. बाळाचे डोके मागून किंवा एका बाजूने चपटे झालेले असते आणि ते गोल व्हावे म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हे हलके हेल्मेट दिलेले असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही अशी हेल्मेट्स आता मिळू लागली आहेत. त्यामुळे आज ना उद्या आपल्या गल्लीतही असे बाळ दिसले तर नवल वाटायला नको.

अशा घरांतून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, हे हेल्मेट कशासाठी? दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा असतो : “डॉक्टर, बाळाच्या डोक्याला सारखी खाज सुटते हो. मुलीला सांगू का, थोडे खोबरेल तेल चोळ म्हणून?” या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. तेल नको. हेल्मेटखालच्या डोक्याला हवे असते पाणी, हवा आणि कोरडेपणा. असे का, ते आज सविस्तर पाहू.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. या खाजेला कंटाळूनच अनेक घरांत हेल्मेट वरचेवर काढून ठेवले जाते. हेल्मेटचा उपयोग होण्याचे महिने मोजके असतात. ते असे गेले की खर्चही वाया जातो आणि बाळाला झालेला त्रासही.

डोके चपटे का होते?

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. तिच्या हाडांमध्ये सांधे असतात आणि दोन ठिकाणी मऊ जागा असतात. त्यातली पुढची म्हणजे आपली ‘टाळू’. ती साधारण एक ते दीड वर्षात भरते. या काळात मेंदू झपाट्याने वाढत असतो. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो, तो वर्षअखेरीस सुमारे ४५ सेंटिमीटर होतो. अशा वाढत्या, मऊ कवटीवर एकाच बाजूने सतत भार पडला की ती बाजू चपटी होते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ पासून तिथे बाळाला उताणे निजवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. झोपेतच बाळ अचानक दगावण्याचे प्रमाण त्यामुळे पुढील काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. हा सल्ला आजही तितकाच योग्य आहे. मात्र त्याबरोबर डोकी चपटी होण्याचे प्रमाण वाढले. मोटारीतल्या बाळखुर्चीत तासन् तास बसवल्यानेही भर पडते. काही बाळांच्या मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असतो. अशी बाळे नेहमी एकाच बाजूला मान टाकून झोपतात आणि ती बाजू बसते.

आपल्याकडे बाळाला उताणे निजवण्याची पद्धत जुनीच आहे. डोके चपटे दिसले की न्हाऊ घालणारी बाई ते तळहातांनी दाबून ‘गोल करते’. खरे तर असे दाबून कवटीला आकार येत नाही. बाळ मान धरू लागते, पालथे पडते, बसू लागते, तसा डोक्यावरचा भार कमी होतो आणि आकार आपोआप सुधारतो. श्रेय मात्र बाईला मिळते!

हेल्मेट काय करते?

चपट्या डोक्यासाठी हेल्मेट वापरण्याविषयीचा लेख डॉ. स्टर्लिंग क्लॅरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. १९९८ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा साधनाला परवानगी दिली. बाहेरून कडक प्लॅस्टिक आणि आतून मऊ फोम अशी त्याची रचना असते. प्रत्येक बाळाच्या डोक्याचे माप घेऊन ते स्वतंत्र बनवले जाते. एकाचे दुसऱ्याला चालत नाही.

हे हेल्मेट डोके आवळून गोल करते हा गैरसमज आहे. जिथे डोके फुगीर आहे तिथे ते नुसते टेकलेले असते आणि जिथे चपटे आहे तिथे आत मोकळी जागा ठेवलेली असते. वाढणारे डोके त्या मोकळ्या जागेत भरत जाते. वेलीला मांडवाचा आधार देऊन वळण लावावे, तसाच हा प्रकार. म्हणजे खरे काम वाढ करते. डोक्याचा घेर पहिल्या तीन महिन्यांत दरमहा साधारण दोन सेंटिमीटर, पुढील तीन महिन्यांत एक सेंटिमीटर आणि त्यानंतर वर्षापर्यंत जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो. म्हणूनच हेल्मेट चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू करतात आणि वर्षानंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. आणि म्हणूनच ते दिवसातून तब्बल २३ तास घालायचे असते.

उरलेला एक तास अतिशय मोलाचा आहे. खाजेवरचा सगळा इलाज त्या एका तासात आहे.

खाज कशामुळे?

शरीराच्या मानाने बाळाचे डोके मोठे असते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्यात त्याचा वाटाही मोठा असतो. त्यावर हेल्मेट आले की पहिला आठवडा-दोन आठवडे घामाच्या नुसत्या धारा लागतात. पुढे शरीराला सवय होते आणि घाम कमी होतो. पण तोवर घाम साचून घामग्रंथींची तोंडे बंद होतात, घामोळ्या उठतात आणि खाज सुरू होते.

दुसरे कारण डोक्यावरच्या पिवळसर, तेलकट खपल्या. पुष्कळ बाळांना त्या हेल्मेटशिवायही येतात. आपल्याकडे त्याला ‘टाळूवरचा मळ’ म्हणतात, पण तो मळ नव्हे. त्वचेवर राहणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचा त्यात भाग असतो आणि ही बुरशी तेलकट पदार्थांवरच पोसते. तिसरे कारण, नीट न धुतला गेलेला शांपू किंवा हेल्मेट पुसायचे द्रव्य त्वचेला चुरचुरणे. चौथे, घरात दमा-इसबाची प्रवृत्ती असणाऱ्या बाळांमधील इसब. आणि पाचवे, डोके वाढल्यामुळे हेल्मेट एखाद्या जागी घट्ट होऊन घासणे.

बाळाला सांगता येत नाही. ते डोके गादीवर घासते, कान ओढते, हेल्मेटच्या कडेत बोटे घालते, झोपेतून किरकिरत उठते. या खुणा ओळखाव्यात.

मातांनी एक गोष्ट मात्र मनातून काढून टाकावी. ही खाज आपल्या हयगयीमुळे झाली असे मुळीच समजू नये. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात हेल्मेट घातलेल्या बाळांच्या आई-वडिलांपैकी ९६ टक्के लोकांनी त्वचेच्या त्रासाची तक्रार केली होती. घाम वाढल्याचे ७१ टक्क्यांनी आणि हेल्मेटला वास येत असल्याचे ७६ टक्क्यांनी सांगितले. म्हणजे हा त्रास जवळजवळ सगळ्यांनाच होतो. तो कमी करणे आपल्या हाती आहे.

तो एक तास असा वापरावा

रोज एकच वेळ ठरवावी. संध्याकाळच्या आंघोळीची वेळ सोयीची. हेल्मेट काढल्यावर आधी चांगल्या उजेडात डोके सगळीकडून पाहावे. कुठे लाल झाले आहे का, पुरळ आहे का, हे रोज पाहिले म्हणजे कालच्या-आजच्यातला फरक कळतो.

मग कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य बाळशांपूने डोके धुवावे. नखे लावू नयेत. बोटांच्या पेरांनी हळुवार चोळावे. खपल्या असतील तर मऊ ब्रशने अलगद फिरवावे, ओढून काढू नयेत. शांपूचा अंशही मागे राहणार नाही इतके पाणी वापरावे. नंतर जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे.

यानंतरचा भाग बहुतेक घरांत घाईत उरकला जातो आणि तिथेच चूक होते. टिपलेले डोके कोरडे झालेले नसते. केसांच्या मुळाशी ओल असते. ती हेल्मेटखाली कोंडली की पुन्हा खाज ठरलेलीच. म्हणून डोक्याला पुरती हवा लागू द्यावी. त्या वेळात बाळाला मांडीवर किंवा जमिनीवर पालथे घालून खेळवावे. मान आणि पाठ बळकट होते आणि डोक्याच्या चपट्या बाजूलाही विश्रांती मिळते. या वेळी गप्पा माराव्यात, गाणी म्हणावीत, मनसोक्त कुरवाळावे.

दरम्यान हेल्मेट स्वच्छ करावे. ते बनवणाऱ्या तज्ज्ञाने जी पद्धत सांगितली असेल तीच पाळावी. बहुधा स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या कापडाने आतली बाजू पुसायला सांगतात. ते पूर्ण उडून गेल्यावर, वास उरला नाही याची खात्री करूनच हेल्मेट चढवावे. ते पाण्यात बुडवून ठेवू नये. गच्चीवरच्या उन्हात, हीटरपाशी किंवा बंद मोटारीत ठेवू नये. उष्णतेने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.

एरवीच्या वेळी खाज सुटली तर काय करावे? डोके घामाने चिंब झाले असेल तर हेल्मेट चार-पाच मिनिटे काढावे, डोके आणि आतली बाजू कोरड्या कापडाने पुसावी आणि लगेच पुन्हा घालावे. मानेवर आणि गळ्याशी गार पाण्यात पिळलेला कपडा टेकवला तरी बाळाला बरे वाटते. अंगात एक कपडा कमीच असावा, तोही सुती. पंखा चालू ठेवायला हरकत नाही. डोके हेल्मेटने झाकलेले असताना वर कुंची किंवा टोपडे अजिबात घालू नये. दुपट्यात गुरफटून ठेवू नये.

तेल का नको?

तेल थंड असते, टाळूतून मेंदूला पोचते, अशी आपली समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. टाळूवर ओतलेले तेल मेंदूपर्यंत जात नाही. उघड्या डोक्याला थोडे तेल लावून ते आंघोळीत धुऊन टाकले तर बहुधा बिघडत नाही. पण हेल्मेटखाली तेच तेल घामात मिसळून कोंडते, घामोळ्या वाढवते, खपल्यांच्या बुरशीला खाद्य पुरवते आणि आतला फोम खराब करून वास आणते. खपल्या फारच जाड असतील आणि डॉक्टरांनी त्या मऊ करायला तेल सुचवले, तर ते मोकळ्या तासाच्या सुरुवातीला लावून त्याच आंघोळीत पूर्ण धुऊन काढावे.

पावडरही नको. ती घामात भिजून गोळे होतात, ते घासतात, आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासात जाते ते वेगळेच. बेसन-साय, हळद, लिंबू, कडुलिंबाचा लेप, जंतुनाशकाचे थेंब, यांतले काहीही या त्वचेवर प्रयोग म्हणून लावू नये.

कापराविषयी मात्र हात जोडून सांगतो. खाजेवर खोबरेल तेलात कापूर घालून लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. तान्ह्या बाळाला कापूर विषारी ठरू शकतो. तो पोटात गेला तर आणि त्वचेतून शोषला गेला तरीही आकडी येऊ शकते. बाळाच्या डोक्याला कापराचे तेल कधीही लावू नये, मग हेल्मेट असो वा नसो.

तशीच दक्षता औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या खाजेच्या मलमांबाबत घ्यावी. यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. झाकलेल्या त्वचेतून ते जास्त प्रमाणात शोषले जाते आणि बाळाची त्वचा पातळ होते. डॉक्टरांनी नेमके औषध आणि नेमके दिवस लिहून दिले तरच ते वापरावे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

हेल्मेट काढल्यावर डोक्यावर गुलाबी खुणा दिसतात. त्या तासाभरात मावळल्या तर चिंता नाही. तासानंतरही लाली कायम राहिली, फोड आला, कातडी सोलली, पाणी किंवा पू येऊ लागला, तर हेल्मेट काढून ठेवावे आणि ते बनवणाऱ्या तज्ज्ञाला कळवावे. बहुधा आतून थोडे घासून जागा करून दिली की काम होते. घरच्या घरी आत कापूस, रुमाल कोंबणे किंवा पट्टा सैल करणे हा उपाय नव्हे. त्याने हेल्मेट सरकते आणि जास्तच घासते. बाळाला ताप आला, लस टोचल्यावरचा का असेना, तर हेल्मेट काढावे आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावे.

जावळ काढण्यासाठी किंवा देवदर्शनासाठी परदेशातली मंडळी बाळाला घेऊन नेमकी एप्रिल-मे महिन्यात गावी येतात. आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर, त्यात वीज गेलेली, आणि डोक्यावर हेल्मेट! शक्य असेल तर ही फेरी हेल्मेटचे महिने संपल्यावर ठरवावी. जावळही तोवर थांबू शकते. वस्तऱ्याची बारीकशी जखमही हेल्मेटखाली चिघळू शकते आणि दाट केस गेल्याने मापातही फरक पडतो. काढायचेच असेल तर आधी तज्ज्ञाला विचारावे.

मुळात हेल्मेट हवेच का?

हा प्रश्न विचारण्याचा आई-वडिलांना पूर्ण हक्क आहे. वर उल्लेख केलेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली ८४ बाळे होती. निम्म्यांना सहा महिने हेल्मेट दिले, निम्म्यांना काहीच दिले नाही. दोन वर्षांची झाल्यावर डोके पूर्ण पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण हेल्मेटवाल्यांत २६ टक्के आणि बाकीच्यांत २३ टक्के होते. म्हणजे फरक नसल्यासारखाच. मात्र अतिशय तीव्र चपटेपणा असलेली बाळे या अभ्यासात घेतलेली नव्हती. दुसरीकडे अमेरिकेतील न्यूरोसर्जन मंडळींच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत, कूस बदलून आणि व्यायाम करूनही मध्यम ते तीव्र चपटेपणा राहिला तर हेल्मेटची शिफारस आहे.

माझे मत असे. सौम्य चपटेपणाला हेल्मेटची गरज नाही. पहिल्या चार महिन्यांत बाळ जागे असताना आपल्या देखत पालथे खेळवणे, पाळण्यात डोक्याची दिशा बदलणे, मान आखडली असेल तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकणे, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. बालरोगतज्ज्ञांनी कवटीचे सांधे तपासणे मात्र आवश्यक आहे. एखादा सांधा वेळेआधी जुळला असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याला शस्त्रक्रिया लागते आणि काही वेळा शस्त्रक्रियेनंतरचे हेल्मेट हा त्या उपचाराचाच भाग असतो. तिथे खाजेच्या कारणाने टाळाटाळ करून चालणार नाही.

आपल्याकडची मोहरीची उशी या प्रश्नाचे उत्तर आहे असेही कुणी समजू नये. डोक्याला आकार देणाऱ्या बाळ-उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली दिला आहे. झोपलेल्या बाळाच्या नाकातोंडाशी उशी आली तर गुदमरण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळाला उशी नकोच.

थोडक्यात, हेल्मेट घ्यायचे की नाही याचा विचार आधी पुरता करावा. एकदा घेतले की मग ते नीट वापरावे आणि खाजेचा बंदोबस्त रोजच्या रोज करावा. अर्धवट वापरलेल्या हेल्मेटमध्ये बाळाला त्रास सगळा होतो आणि फायदा काहीच होत नाही.

शेवटी आजीबाईंना एक विनंती. त्याच अभ्यासात हेल्मेटमुळे बाळाला जवळ घेताना अडचण वाटते असे ७७ टक्के आई-वडिलांनी सांगितले होते. तिकडे ती मुलगी आठ हजार मैलांवर एकटी हे सगळे निभावत असते. फोनवर “तेल लावलंस का?” असे विचारून तिला आणखी अपराधी वाटायला लावू नका. “आज डोकं नीट वाळवलंस ना? आता तासभर मांडीवर घेऊन बस, मी गाणं म्हणते,” असे म्हणा. या चार-सहा महिन्यांपुरती तेलाची वाटी फडताळात राहू द्या.